आधी पाइप, मग रस्ता : दिग्रसच्या गल्लीपर्यंत येणाऱ्या गॅसची दीडशे वर्षांची गोष्ट

पोस्ट लांब आहे राजेहो, पण सवडीने वाचा. विषय आपल्या गल्लीतल्या रस्त्याचा आहे आणि त्यात जाणारा पैसा आपलाच आहे.

नवा रस्ता झाला की थोड्याच दिवसांत कोणीतरी येऊन तो फोडतो, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कधी पाण्याची लाइन, कधी केबल, कधी गटार. आपण दोन शिव्या घालतो, चर बुजतो, पावसाळ्यात तिथे खड्डा पडतो आणि विषय संपतो. पण आता त्या यादीत एक नवा पाहुणा येतोय. तो पाण्याच्या पाइपसारखा माफ करणारा नाही. त्याचं नाव गॅस.

देशात घरगुती गॅस पाइपने पुरवायचे परवाने केंद्राचं नियामक मंडळ (पीएनजीआरबी) जिल्ह्यांचे गट करून देतं. बाराव्या फेरीनंतर, बेटं सोडली तर देशाचा सगळा भाग या वाटपात आला. म्हणजे यवतमाळ जिल्हाही त्यात आहे. दिग्रसच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस कधी येईल हा वेगळा प्रश्न, त्याला वेळ लागेल. पण तो येईल तेव्हा रस्त्याखालूनच येणार. आणि आपण तर आत्ता, या घडीला, रस्ते बांधतोय. म्हणून प्रश्न आजचा आहे: आधी पाइप की आधी रस्ता?

हा प्रश्न आपल्यापुढे पहिल्यांदा आलेला नाही. जगातल्या मोठमोठ्या शहरांनी यात दीडशे-दोनशे वर्षं हात पोळून घेतलेत. तो इतिहास बघितला तर आपलं काम सोपं होईल.

लंडन : एकाच रस्त्यात चार कंपन्या

गॅसचे दिवे रस्त्यावर पहिल्यांदा गाजले ते लंडनमध्ये, १८०७ साली पॉल मॉल या रस्त्यावर. १८१२ मध्ये तिथे गॅस पुरवणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपनीला सनद मिळाली. गॅस म्हणजे तेव्हा कोळसा भट्टीत भाजून काढलेला गॅस. धंदा चालतोय म्हटल्यावर कंपन्यांचं पेव फुटलं. एकाच रस्त्यात दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांचे पाइप पडले. प्रत्येकीने आपला चर स्वतंत्र खोदायचा. रस्ता सतत उकरलेला, कुठला पाइप कोणाचा तेही कळेना. गळती झाली की प्रत्येक कंपनी दुसरीकडे बोट दाखवणार.

शेवटी १८६० मध्ये कायदा झाला आणि लंडनची वाटणी करून एका भागात एकच कंपनी ठेवली. आज आपल्याकडे एका भौगोलिक क्षेत्राला एकच परवानाधारक असतो, त्याची मुळं तिथल्या गोंधळात सापडतात.

त्याच सुमारास लंडनवाल्यांनी दुसरा उपाय करून पाहिला. १८६१ मध्ये गॅरिक स्ट्रीट हा नवा रस्ता बांधताना त्याच्या पोटात माणूस चालू शकेल एवढा बोगदा केला आणि पाइप त्यात ठेवले. १८६९ ला हॉलबर्न व्हायाडक्ट झाला, त्यातही तसंच. कल्पना साधी होती. दुरुस्ती करायची तर बोगद्यात उतरा, वरचा रस्ता फोडू नका. पण हे फक्त नव्याने बांधलेल्या रस्त्यांतच जमलं. जुन्या रस्त्यांखाली बोगदा घालायला कोणाकडे पैसा नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल: सोय करायची संधी रस्ता बांधतानाच मिळते. एकदा रस्ता झाला की ती गेली.

मुंबई : आधी पाणी, मग गॅस, मग ट्राम

आपल्याकडे गॅस आला मुंबईत. ७ ऑक्टोबर १८६५ ला शहरातल्या काही रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. बॉम्बे गॅस कंपनी हा गॅस बनवायची. लालबागची गॅस कंपनी लेन आजही त्या काळाची आठवण आहे.

तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं, त्यासाठी पाण्याचे पाइप. १८६५ मध्ये गॅसचे दिवे, त्यासाठी गॅसचे पाइप. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम, त्यासाठी रुळ. मग टेलिफोन, मग वीज, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम. दर पाच-दहा वर्षांनी नवी कंपनी आणि नवं खोदकाम. १८६५ मध्येच आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. म्हणजे रस्त्याला धड एक मालक मिळतोय न मिळतोय तोवर त्याच्या पोटात दुसऱ्याचे पाइप शिरले होते.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रस्त्याचा वरचा थर एकाचा आणि पोट पाच जणांचं, ही व्यवस्था तेव्हापासून चालत आली. आज दिग्रसमध्ये वरचा रस्ता नगरपरिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा. आत पाणी एकाचं, विजेची केबल महावितरणची, इंटरनेट खासगी कंपन्यांचं. उद्या गॅस आणखी एकाचा. सगळ्यांच्या फायली वेगळ्या, बजेट वेगळं, मार्च एंड मात्र एकच.

समुद्रातून आलेला गॅस

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं. बॉम्बे हाय. तेलाबरोबर नैसर्गिक गॅसही निघाला आणि उरणला आला. १९८४ मध्ये ‘गेल’ ही सरकारी कंपनी झाली. मग हजिरा ते विजयपूर ते जगदीशपूर अशी लांब पाइपलाइन गुजरातेतून मध्य प्रदेश ओलांडून उत्तर प्रदेशात गेली. मुंबईत घरोघरी पाइपचा गॅस द्यायला १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी निघाली.

आपल्या भागाला यातलं काही मिळालं नाही. किनारपट्टीला गॅस, उत्तरेला गॅस आणि विदर्भात सिलिंडर. या लांब पाइपलाइन शेतातून न्यायच्या तर १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते, पण पाइपच्या पट्ट्यात वापराचा हक्क सरकार घेतं. मोबदला म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाची नुकसानभरपाई. त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही. शेतकऱ्याला हे जड जाणारच. मग वाद, मोर्चे, कोर्ट. अशा वेळी एखादी पाइपलाइन शेतातून न जाता तयार रस्त्याच्या कडेने नेता आली तर?

समृद्धी : एकदा तरी हिशेब जमला

ही गोष्ट आपल्या दाराजवळ घडली. दिग्रसहून दारव्हामार्गे कारंजा गाठलं की समृद्धी महामार्ग लागतो. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडला. टोल, अपघात, जमिनीचे मोबदले यावर आपण सगळे भरपूर बोललो. पण त्या रस्त्याच्या कडेला जमिनीत काय आहे, यावर फार कमी लोक बोलतात.

तिथे २४ इंची गॅस पाइपलाइन आहे. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही सुमारे १,७०० किलोमीटरची लाइन. तिचा मुंबई-नागपूर टप्पा ६९४ किलोमीटरच्या आसपास आणि त्यातला जवळपास ६७५ किलोमीटर भाग समृद्धीच्या हद्दीतून गेलाय. महामार्गासाठी साधारण १२० मीटर रुंद जागा घेतली होती. तिच्यात अशा सोयींसाठी पट्टा राखलेला होता, आणि त्यातली जेमतेम तीन मीटरची पट्टी पाइपला मिळाली. एवढ्या पट्टीत मशिनरी चालवून एवढी लांब लाइन टाकणं सोपं नव्हतं. पण फायदा बघा. पाइपसाठी शेकडो गावांत नव्याने शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवावा लागला नाही, आणि गाड्या धावतात तो रस्ताही लांबीभर उकरावा लागला नाही.

समृद्धीत सगळं सोन्याचं झालं असं कोणी म्हणत नाही. पण या एका बाबतीत रस्त्यासाठी जागा घेतानाच पाइपचा विचार कागदावर होता. लंडनच्या गॅरिक स्ट्रीटमध्ये १८६१ ला जे केलं, तेच आपल्याकडे १५०-१६० वर्षांनी कारंज्याजवळ झालं.

आता कोणी म्हणेल, समृद्धीला १२० मीटर जागा होती, आमच्या बाजारातल्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं. बरोबर आहे. गावात रुंदी मिळणार नाही. पण क्रम तर ठरवता येतो. काय आधी आणि काय नंतर, याला जागा लागत नाही.

गॅसचा पाइप पाण्याच्या पाइपसारखा का नाही

पाण्याची लाइन फुटली तर दिसते. रस्त्यावर तळं साचतं, लोक ओरडतात, दोन दिवस नळ येत नाही. गॅसचं तसं नसतं.

गावाबाहेरच्या मोठ्या पोलादी लाइनमध्ये दाब खूप असतो. गल्लीत येईपर्यंत तो कमी करत आणतात. गल्लीतला पाइप बहुतेक पिवळ्या किंवा नारिंगी प्लास्टिकचा, त्यात दाब ४ बारपर्यंत, आणि घरातल्या शेगडीपाशी अगदी किरकोळ. प्लास्टिकचा पाइप गंजत नाही, वाकतो, चांगला टिकतो. पण जेसीबीच्या दातापुढे त्याचं काही चालत नाही.

नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका आहे. सिलिंडरचा गॅस खाली बसतो, हा वर उडून जातो. मोकळ्या जागेत ते बरंच. पण वर जाड सिमेंटचा रस्ता असेल तर? मग गॅसला वर वाट मिळत नाही. तो आडवा पसरतो. सैल बुजवलेल्या चरातून, नालीतून, केबलच्या पाइपमधून वाट काढत कोणाच्या तरी घरात किंवा दुकानात निघतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झालं की एक ठिणगी पुरते.

२८ एप्रिल १९९५. दक्षिण कोरियातलं देगू शहर. एका डिपार्टमेंट स्टोअरच्या कामावर जमिनीत भोक पाडताना गॅसचा पाइप फुटला. गॅस गटारातून वाहत जवळच्या मेट्रोच्या खोदकामात साठला. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला स्फोट झाला. १०१ माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी पोरं. खड्डा कोणाचा, पाइप कोणाचा, आणि मेले कोण, बघा.

दुसरा प्रकार आणखी वाईट. ३० जुलै २००४, बेल्जियममधलं गिस्लेंगिएन गाव. औद्योगिक वसाहतीत बांधकाम चालू असताना एका मशीनने जमिनीतल्या मोठ्या गॅस लाइनला ओरखडे पडले. तेव्हा काहीच झालं नाही. माती टाकली, काम पुढे गेलं. काही आठवड्यांनी लाइनमधला दाब वाढवला आणि पाइप नेमका तिथेच फाटला. २४ जण मेले. यातून शिकायची गोष्ट अशी की, पाइपला लागलं पण फुटला नाही म्हणजे वाचलो, असं समजायचं नसतं. ज्याच्या हातून लागलं त्याने त्याच दिवशी सांगितलं पाहिजे. आणि सांगणाऱ्यालाच पहिला दंड होणार असेल तर तो कधीच सांगणार नाही.

परदेशातलंच कशाला. मार्च २०२५ मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेला रस्त्याखालच्या गॅस पाइपला खोदकामात धक्का लागून रात्री आग लागली. रस्त्याने जाणारी माणसं भाजली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेंबूरला एका मुख्य लाइनचं बाहेरच्या कामात नुकसान झालं आणि मुंबईत सीएनजीची टंचाई झाली. रिक्षा-टॅक्सीवाले पंपासमोर तासन्‌तास रांगेत. तिथे नकाशे आहेत, यंत्रणा आहे, पैसा आहे, तरी हे झालं.

आपली काळी माती

आता आपल्या जमिनीकडे या. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढी. कपाशीला ती चांगली, रस्त्याला आणि पाइपला वैरीण. म्हणून चांगला ठेकेदार काळी माती काढून मुरूम भरतो, थर देऊन रोलर फिरवतो, मग वर खडी आणि सिमेंट.

यात नंतर कोणी चर खोदला की काय होतं? मुरूम निघून बाजूला पडतो, त्यात काळी माती मिसळते आणि तेच सगळं परत खड्ड्यात लोटलं जातं. थरावर थर दाबला जात नाही. वरून सिमेंटचं ठिगळ. पहिल्या पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, ठिगळ खाली बसतं. खाली पाइप असेल तर त्यालाही ताण बसतो. शिवाय सिमेंटचा रस्ता म्हणजे मोठमोठ्या लाद्या. एक लादी मधून कापली की ती पूर्वीसारखी एकजीव होत नाही. चांगला सिमेंटचा रस्ता तीस वर्षं टिकेल असा हिशेब धरून बांधतात. ते आयुष्य एका चराने संपतं. आणि रस्त्याची हमी? ठेकेदार म्हणतो, माझा रस्ता दुसऱ्याने फोडला, आता माझी जबाबदारी नाही. कायद्याच्या भाषेत तो फार चुकतही नाही.

नियम आहेत का? आहेत.

शहरातल्या रस्त्यात कोणती लाइन कुठे ठेवायची यावर इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तिका आहे, आयआरसी ९८. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राने २०१६ मध्ये वेगळे नियम काढलेत. २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने आधी त्यात कळवायचं, ज्यांच्या लाइन तिथे आहेत त्यांना निरोप जातो. अमेरिकेत २००७ पासून यासाठी ८११ हा एकच नंबर आहे. तिथे अंगणात खड्डा खणायचा तरी माणूस आधी फोन करतो.

म्हणजे कागद तयार आहे. कमी पडतं ते गावपातळीवर. खोदणारा ठेकेदार, उपठेकेदार आणि जेसीबीवर बसलेला पोरगा, यातल्या कोणाच्या फोनमध्ये ते ॲप आहे, हे विचारून बघा.

मग दिग्रसने काय करावं?

उशिरा येणाऱ्याला एक फायदा असतो. पुढे गेलेले कुठे पडले ते त्याला दिसतं. दारव्हा, आर्णी, पुसद, मानोरा, चारही बाजूंच्या रस्त्यांना आणि आतल्या गल्ल्यांना पुढच्या काही वर्षांत काम लागणारच आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेही दिग्रसवरून जायची आहे, म्हणजे स्टेशनकडचे रस्ते नव्याने होतील. गॅस अजून यायचाय. हीच वेळ आहे. माझ्या मते नगरपरिषदेने सभेत ठराव घेऊन एवढ्या गोष्टी पक्क्या कराव्यात:

१. पुढच्या पाच वर्षांत कोणते रस्ते नवे होणार त्याची यादी टेंडर निघायच्या आधी गॅस कंपनी, पाणीपुरवठा, महावितरण आणि इंटरनेट कंपन्यांना लेखी द्यायची. ज्यांना पाइप टाकायचाय त्यांनी ठरलेल्या मुदतीत टाकावा.

२. गॅस कधी येईल सांगता येत नसेल तरी नवा सिमेंट रस्ता करताना चौकाचौकांत आडवे रिकामे पाइप घालून ठेवायचे. खर्च किरकोळ, पण उद्या रस्ता कापावा लागत नाही. धावंडा नदीवर आणि नाल्यांवर नवा पूल बांधताना कडेला पाइपसाठी जागा ठेवायची.

३. पाइप टाकून झाल्यावर तो प्रत्यक्षात कुठे आणि किती खोल गेला याचा नकाशा नगरपरिषदेत जमा झाल्याशिवाय अनामत रक्कम परत करायची नाही. टेंडरमधला नकाशा नको, झालेल्या कामाचा पाहिजे.

४. चर बुजवताना पाइपभोवती वाळू, त्यावर पिवळी इशारा पट्टी, मग थराथराने दाबलेला मुरूम. काळी माती परत टाकायची नाही. एक पावसाळा गेल्यावर पुन्हा तपासणी.

५. गॅसची लाइन असलेल्या रस्त्यावर जेसीबी लावायच्या आधी हाताने खड्डा खणून पाइप बघायचा, आणि कंपनीचा माणूस जागेवर पाहिजे.

६. पाइपला ओरखडा आला तर त्याच दिवशी कळवणाऱ्यावर कारवाई नाही, लपवणाऱ्यावर कडक.

यातल्या कशालाही दिल्लीची परवानगी लागत नाही. मुख्याधिकारी, नगरसेवक आणि बांधकाम विभागाचे इंजिनिअर एका टेबलावर बसले तर दोन बैठकांत होण्यासारखं आहे.

आणि आपण नागरिकांनी? आपल्या गल्लीत रस्त्याचं काम सुरू झालं की बोर्ड वाचायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: ‘याच्या खालून पुढे काय काय जाणार आहे, आणि त्याची सोय केली का?’ उत्तर ‘बघू’ असं आलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. रस्ता झाल्यावर नाही, होण्याच्या आधी.

दिग्रसचे जे मित्र नगरपरिषदेत, बांधकाम विभागात किंवा ठेकेदारीत आहेत त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा: आज आपल्याकडे कोणत्या रस्त्याखाली कोणती लाइन आहे, याचा एकत्र नकाशा कोणाकडे आहे का? असेल तर तो लोकांना बघायला मिळावा. नसेल तर कामाची सुरुवात तिथूनच करू.